वरून

महापेच्या एमआयडीसीत, जिथे आधी बिस्किटांचे पुठ्ठे बनायचे,
त्या गाळ्यात भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकून
स्टुडिओ केलाय.
मिनिटाला पन्नास रुपये.
मी एका परदेशी निवेदकाचा मराठी आवाज आहे.

"अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणणं
त्या काळच्या माणसाला शक्य होतं का?
की कुणीतरी आलं होतं… वरून?"

'वरून'च्या आधी श्वास घ्यायचा,
काचेपलीकडून केतन मढवी सांगतो,
आणि शेवटी सूर पडू द्यायचा नाही.
पडला की ते विधान होतं.
विधानाला पुरावा लागतो,
प्रश्नाला काय, नुसता माइक.

अप्पांना एक भाग दाखवला तुर्भे स्टोअरच्या खोलीत,
मोबाइल तांब्याला टेकवून.
तिम्माप्पा अलकुंटे, बोनसरीच्या खाणीत एकतीस वर्षं.
तबकडी उतरली, प्रकाशाचा झोत पडला,
त्यांचं लक्षच नाही.
बोट लावून चित्र थांबवत होते.
"हितं कुणीतरी डावखुरा बसलेला."
"हितं टाकी बोथटलीय, तरी रेटलीय.
मागं मुकादम उभा असंल."
"ह्यो खांब पोरानं केलाय. खाली चाचपडतंय,
वर जाईस्तोवर बघ, हात सापडलाय त्याला."

पण ते म्हणतात, यंत्राशिवाय…
"कोण म्हणतं?"
मी गप्प.
आवाज माझाच होता.

मग म्हणाले, आम्ही तरी काय निराळे.
अंबरनाथचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत उभं केलं,
कोंबडा आरवला तसे हातातलं टाकून गेले,
असंच ऐकलेलं, असंच सांगितलेलं.
मग एकदा देवळाला गेलो, दगडावर हात ठेवला.
एका रात्रीत तर डबरसुद्धा उतरत न्हाई गं.
बराच वेळाने विचारलं,
"त्यांना रोज किती पडायचा,
सांगतात का तुमच्यात?"
नाही अप्पा. स्क्रिप्टमध्ये तसलं काही नसतं.

आमच्या मोरीच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
म्हणजे त्याची पाठ,
सुरीने वडी कापावी तशी कापलेली.
उरलेला खाली आहे:
वाशीत, सानपाड्यात, नेरूळच्या फलाटांखाली,
मी रोज रिक्षाने जाते त्या रस्त्याखाली.
क्रशर बंद पडले.
खड्ड्यात हिरवं पाणी साचून आहे.
वर कड्यावर सुरुंगाच्या भोकांचे अर्धे पन्हाळे
एकाखाली एक, इतके सरळ
की हजार वर्षांनी कुणीतरी नक्की विचारील,
शक्य होतं का?
आणि सूर पडू देणार नाही.
सायबण्णा विटकरचा एक डोळा
त्याच भिंतीत कुठेतरी गेला.
हजेरीची वही मालकाच्या पोराने रद्दीत घातली.

सोमवारी रेकॉर्डिंग होतं.
"…शक्य होतं."
पडला सूर. मी पाडला की पडला, माहीत नाही.
केतन म्हणाला, परत घेऊ, आणि जरा गूढ वाढवा.
पाच तारखेला खोलीचं भाडं असतं.
घेतलं परत.

तो भाग लागला तेव्हा अप्पा जेवत होते.
ऐकलं शेवटपर्यंत. आवाज चांगला लागलाय म्हणाले.
भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून
थोडं खोकले.
"पण त्यांना सांग,
वरून येतो तो दगड.
म्हणून आधी हाळी द्यायची असते, पोरी.
सायबण्णाला कुणी दिली नाही."